दांड्याला बांधलेली डहाळी

माझ्या नोकरीतल्या पुष्कळ घटना आता पुसट झाल्या आहेत. ही मात्र झालेली नाही. कुठे बंद यंत्राचा मोठा स्विच दिसला, की माझी नजर आपोआप त्याच्या दांड्याकडे जाते आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडचे ते दूध केंद्र डोळ्यांसमोर उभे राहते. तुम्ही नातवंडे लांब. फोनवर आपले बोलणे 'जेवलीस का, थंडी आहे का' यातच संपते, म्हणून ही गोष्ट लिहूनच काढते आहे. इतर कोणी वाचली तरी चालेल. कोणाचे नाव मात्र यात घेतलेले नाही.

तेव्हा मी त्या भागातल्या एका ठाण्याची प्रमुख होते. आमच्याकडे प्रमुखाला ठाणेदार म्हणतात, आणि बाई असली तरी ठाणेदारच. भाताचे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, संपले की जंगल सुरू, अशी आमची हद्द. दसरा नुकताच होऊन गेला होता. दुपारच्या हजेरीनंतर मी टेबलावर साचलेले अर्ज पाहत होते, तेव्हा दवाखान्यातून खबर आली. दूध केंद्रात काम करणाऱ्या एका मेकॅनिकचा उजवा हात पंख्यात सापडला होता. दोन बोटे जवळजवळ तुटली होती. त्याला तातडीने चंद्रपूरला हलवले होते.

आधी ते केंद्र समजून घ्या, नाहीतर पुढचे कळणार नाही. आजूबाजूच्या गावांतून दोन्ही वेळचे दूध तिथे जमा व्हायचे. दूध लवकर गार केले नाही तर नासते, म्हणून तिथे चिलर होता. चिलर म्हणजे पाणी अगदी गार करणारे मोठे यंत्र. ते पाणी दुधाच्या टाकीभोवती फिरते आणि दूध थंड होते. हे यंत्र इमारतीच्या मागे उघड्यावर होते आणि त्याचा पंखा चांगला रुंद होता. यंत्राचा मुख्य स्विच पुढच्या खोलीत, भिंतीवरच्या पेटीवर. तो आपल्या घरच्या बटणासारखा नसतो. त्याला बाहेर आलेला दांडा असतो, वर केला की वीज सुरू, खाली केला की बंद. दांड्याजवळच्या माणसाला पंखा दिसत नाही आणि पंख्याजवळच्या माणसाला दांडा दिसत नाही.

मेकॅनिक त्या दिवशी यंत्राची सर्व्हिसिंग करायला आला होता. त्याने वीज बंद केली, पंख्याची जाळी काढली आणि आतली धूळ साफ करू लागला. हात आत असतानाच पंखा फिरला.

मी हवालदारांना घेऊन जागेवर गेले. हे हवालदार माझ्यापेक्षा वयाने मोठे, मुलखातले जुने माणूस. दोन पंच बोलावून पंचनामा केला. पेटीचा दांडा वर होता. पेटीवर काही नाही, स्वच्छ. मागे यंत्राखाली पाना, ब्रश आणि रक्त. दांडा कोणी वर केला, हे शोधायला काही करावेच लागले नाही. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर पुढे आला आणि म्हणाला, "मीच केलो जी."

केंद्राचे व्यवस्थापक साताऱ्याकडचे. बदली होऊन येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या सदऱ्यावर मेकॅनिकचे रक्त होते. त्यांनीच त्याला गाडीत घातले होते. त्यांनी मला बाजूला घेतले.

"मॅडम, सांगू की नको असं झालंय. पण हा अपघात नाही. खांडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, त्या दिवशी या दोघांचं सगळ्यांसमोर भांडण झालं. ऑपरेटर त्याला म्हणाला, तूच पहिला मरशील. दूध घालायला आलेल्या बायांनीसुद्धा ऐकलंय."

त्यांनी रीतसर तक्रार दिली. आरोप खुनाच्या प्रयत्नाचा. मी ऑपरेटरला ठाण्यात आणले.

त्याची चौकशी मी माझ्याच खोलीत केली. चहा मागवला. मारझोडीने माणूस बोलतो, पण खरे बोलतो असे नाही, हे मी पहिल्या वर्षीच शिकले होते. तिशीतला, अंगाने आडवा, कपाळावर अजून गुलाल. पेला हातात धरून बसला, एक घोट प्यायला नाही.

"भांडण कशावरून झाले?"

"वायरीवरून, मॅडम. चिलर सारखा बंद पडे. आत एक सेफ्टी असते, दाब वाढला का मशीन आपोआप बंद करते. दूध घेऊन बाया उभ्या, आन मशीन बंद. मंग मी एक वायर टाकून ते सेफ्टीच उडवून देलो."

"म्हणजे दाब वाढला तरी मशीन चालूच राहील?"

"होय जी." त्याने मान खाली घातली. "तं त्यानं पाह्यलन. सगळ्यायसमोर बोल्ला, तुह्या या वायरीनं कोनी मरन एक दिवस. मले राग आला. मी बोल्लो, मंग तूच मरशीन पयले."

"आणि आज तो मरता मरता वाचला."

"मॅडम, मी दांडा वर केलो, हे खरं. पर दांड्याले खूण नवती."

"कसली खूण?"

"त्याची खूण असते. काम सुरू असलं का तो दांड्याले डहाळी बांधते. येनाच्या झाडाची नाई तं मोहाची. पान बांधलं असलं का आमी दांड्याले हात नाई लावत. कोनीच नाई लावत. मी आलो, दांडा खाली. लाईट गेलती दुपारी, मले वाटलं तिच्यानंच कोनी खाली केलन. मी आधी खूण पाह्यलो. नवती. तं वर केलो."

हे दांडा खाली-वर करणे त्या भागात सवयीचे आहे. लाईट गेली की मोटार जळू नये म्हणून कोणीतरी दांडा खाली ओढतो, आली की कोणीतरी वर करतो. कोण ते कोणी विचारत नाही.

"वर केलास तेव्हा पंख्याचा आवाज आला?"

"लगेच येतच नाई. आत टायमर असते. वीज देल्यावर मशीन थोडा वेळ गुमान राह्यते, मंग आपसूक सुरू होते. मी तवर टाकी धुवाले गेलतो. मंग ओरडनं ऐकलो."

मी तेच प्रश्न उलट क्रमाने विचारले. मधेच त्याच्या गावचे, धानाचे, सासऱ्याचे विचारले आणि पुन्हा दांड्यावर आले. खोटे बोलणारा माणूस प्रत्येक वेळी गोष्टीत थोडी भर घालतो, कारण आपल्यावर विश्वास बसलेला नाही असे त्याला वाटत असते. याच्या सांगण्यात काही वाढले नाही आणि काही कमी झाले नाही. खूण पाहिली, नव्हती, वर केला.

बाहेर आले तर हवालदार पान लावत होते. "काय वाटते, हवालदार?"

"रागीट आहे, मॅडम. पर डोक्यानं असा काटा काढन, एवढी अक्कल त्याच्यात असती तं वायर कायले टाकतन?"

ठाण्याच्या पायरीवर ऑपरेटरची बायको डबा घेऊन बसली होती. मला पाहून उठली. रडली नाही.

"मॅडम, तुमी याले जेलात टाकून राह्यले म्हनते गाव."

"अजून चौकशी चालू आहे, बाई."

"माह्या मानसाचा राग म्हंजे भातावरची वाफ. झाकन काढलं का गेला. त्या भांडनाच्या दुसऱ्या सकाळीच तो बोल्ला, मेकॅनिक खरंच बोलून राह्यला होता, मीच चुकलो."

"मग त्याला जाऊन तसे सांगितले का नाही?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी पुरुषमाणसे कधी पाहिलीच नाहीत.

"गडीमानूस जी. तो कुठी सांगते?"

मला हसू आले, पण प्रकरण हसण्यासारखे नव्हते. धमकी होती, साक्षीदार होते आणि दांडा त्यानेच वर केला होता. खुनाच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला असता, तर त्याची नोकरी गेली असती आणि सुटण्याआधी वर्षे गेली असती. वरून फोन येत होते: आरोपी हाताशी असताना अटक का नाही? मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरच्या दवाखान्यात गेले. बोटे डॉक्टरांनी वाचवली होती. ती किती वाकतील हे मात्र त्यांनाही सांगता येत नव्हते. मेकॅनिक चामोर्शीच्या पलीकडच्या एका जंगलगावचा, सडपातळ, मोजके बोलणारा. आयटीआय शिकून कामाला लागलेला.

"खूण बांधली होतीस?"

"बांधलो होतो." त्याने डाव्या हाताने हवेत गाठ मारून दाखवली. "येनाची डहाळी, पळसाच्या मुळाच्या वाखानं. आमच्या गावी मोहाच्या दिवसांत असंच करतात. ज्यानं झाडाखालचा पाला झाडून घेतला, तो बुंध्याले डहाळी बांधते. मंग त्या झाडाचं फूल दुसरा उचलत नाई. केंद्रात दांड्याले लावाले कुलपं मागितलो होतो, भेटली नाई. म्हनून मी हे सुरू केलो. सगळे मानतात."

"मग ती गेली कुठे?"

"त्यानंच काढलन." तो भिंतीकडे पाहत म्हणाला. "दुसरा कोन काढन?"

"तो म्हणतो, नव्हतीच."

"तं मी खोटं बोलून राह्यलो काय, मॅडम?"

उठता उठता, सवयीने, एक शेवटचा प्रश्न विचारला. "ती वायर, जिच्यावरून भांडण झाले, तीही त्या दिवशी तू काढलीस ना?"

"नाई. मी काढाले गेलो, तं ती आधीच काढलेली होती. त्यानंच काढली असन. मले काई बोल्ला नाई."

म्हणजे बायको सांगत होती ते बरोबर होते. आपली चूक गुपचूप दुरुस्त करणारा माणूस त्याच आठवड्यात त्याच यंत्रावर दुसऱ्याचा जीव घेईल, हे मला पटेना. पण न पटणे हा पुरावा नव्हे.

परतताना जीपमध्ये मी हवालदारांना म्हणाले, "मला वाटते, दोघेही खरे बोलताहेत."

"एक म्हनते बांधलो, दुसरा म्हनते नवती. आन दोघंबी खरे?" हवालदारांनी टोपी काढून डोके खाजवले. "असं असन तं मॅडम, मले मूलच्या नाक्यावरच उतरवून द्या. मी घरी जातो."

"घरी नंतर जा. आधी केंद्रात जाऊ."

केंद्रात दुधाची वेळ नव्हती. चिलर बंदच होता. दूध दुसऱ्या गावच्या केंद्रावर पाठवत होते. मी स्विचच्या खोलीत नुसती उभी राहिले. कुठे काही अडले की मी असे करते: काही शोधायचे नाही, फक्त पाहायचे. भिंतीवर ओळीने पेट्या होत्या. चिलरची, पंपाची, दिव्यांची. सगळ्या स्वच्छ. मग वर लक्ष गेले. छताजवळच्या एका लहान पेटीला तोरण होते, आंब्याची पाने आणि झेंडू, सुकून कोळ झालेले.

खांडेनवमीला यंत्रांची पूजा झाली होती. मग तोरण एकाच पेटीला कसे?

व्यवस्थापक मागे येऊन उभे राहिले होते. "ते राहिलं वाटतं," ते म्हणाले. "माझा हात पोचला नसेल."

"बाकीची तोरणे तुम्ही काढलीत?"

"हो. सुकली होती. झाडणारी बाई केरात टाकेल म्हणून मी स्वतःच काढली. देवाचं आहे, झाडूनं लोटू नये."

"कधी काढलीत?"

"त्याच दिवशी. दुपारी, जेवण झाल्यावर."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले.

"आणि ठेवलीत कुठे?"

"निर्माल्य आहे, मॅडम. तळ्यात सोडणार होतो, पण मग हे सगळं झालं." बोलता बोलता ते ऑफिसात शिरले. गणपतीच्या तसबिरीखालच्या खिळ्याला एक कापडी पिशवी अडकवलेली होती.

मी पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर पिशवी एका वर्तमानपत्रावर उलटी केली. झेंडूच्या माळा, आंब्याची पाने, तुटलेला पांढरा दोरा. त्यातून हवालदारांनी चिमटीत धरून एक डहाळी वर काढली. पाने लांबट, जाड, आंब्याची नव्हेत. तिला दोरा नव्हता. तपकिरी वाखाचा फास होता आणि त्याची गाठ जशीच्या तशी होती. माळ ओढताना ती माळेबरोबर दांड्यावरून निसटून आली होती.

"येन," हवालदार म्हणाले.

व्यवस्थापक डहाळीकडे पाहत राहिले. त्यांना अजून उलगडा झाला नव्हता. मी त्यांना सांगितले की ही सजावट नव्हती. ही डहाळी म्हणजे 'आत माणूस आहे, हात लावू नका' अशी पाटी होती. ते खुर्चीवर बसले.

"मला वाटायचं, ही जंगलातली माणसं, भाविक असतात, काहीतरी बांधतात. मी कधी विचारलंच नाही. आणि मला कोणी सांगितलंही नाही."

"त्यांना वाटले असेल, हे तर सगळ्यांनाच माहीत असते."

"मॅडम, तक्रार माझीच आहे ना?"

"तुमचीच."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटले, आता वकील मागतील. मागितला असता तरी तो त्यांचा हक्क होता. ते म्हणाले, "मग माझाच जबाब आधी घ्या. मी काढली म्हणून लिहा. त्या पोराला एक रात्रही जास्त बसवू नका."

त्यांचा जबाब मी तिथेच घेतला. वाक्यावाक्याला ते सांगत होते, 'हेही लिहा'.

संध्याकाळी ते स्वतः माझ्याबरोबर चंद्रपूरला आले. मी मेकॅनिकला डहाळी दाखवली, ती कुठे सापडली ते सांगितले. त्याने गाठीवरून अंगठा फिरवला.

"हे माहीच गाठ."

व्यवस्थापक पलंगाच्या पायथ्याशी हात जोडून उभे होते. मेकॅनिकने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मॅडम, तो अजून तुमच्याकडेच बसला आहे काय?"

"हो."

"मंग इथी काऊन उभ्या आहा?"

मी बत्तीस वर्षांत पुष्कळांचे हुकूम ऐकले. इतक्या तातडीने एकही पाळला नसेल.

ऑपरेटर त्याच रात्री घरी गेला. खुनाच्या प्रयत्नाचा आरोप टिकत नाही, असा अहवाल मी पुराव्यांसह पाठवला. निष्काळजीपणाचा भाग उरला आणि त्याचे पुढे कायद्याने जे व्हायचे ते झाले. त्याचा मोठा वाटा केंद्राच्या मालकाच्या पदरात पडला, कारण कुलपे मागूनही त्याने दिली नव्हती. मेकॅनिकच्या उपचाराचा खर्च त्यालाच करावा लागला.

सरकारी विद्युत निरीक्षकांनी केंद्राला काही नियम घालून दिले. ते मला अजून पाठ आहेत. यंत्रात हात घालणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप दांड्याला लागले पाहिजे आणि किल्ली त्याच्याच खिशात राहिली पाहिजे. दोघे काम करत असतील तर कुलपे दोन. कुलूप लावल्यावर यंत्र सुरू करून पाहायचे, टायमरची वेळ उलटेपर्यंत थांबायचे, आणि ते सुरू होत नाही अशी खात्री झाली की मगच जाळी काढायची. सेफ्टी कोणी वायरीने उडवायची नाही; मशीन वारंवार बंद पडत असेल तर ते का पडते ते शोधायचे. त्या वेळी कारण साधे होते. मागच्या जाळ्या धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी बुजल्या होत्या आणि नेमक्या त्याच साफ करायला मेकॅनिक आला होता. शेवटचा नियम पाळी बदलण्याचा: जाणाऱ्याने येणाऱ्याला समोरासमोर सांगायचे, मशीन कोणाच्या ताब्यात आहे.

पुढच्या खांडेनवमीला केंद्रातून मला पूजेचे बोलावणे आले. मेकॅनिकचे एक बोट पूर्ण वाकत नव्हते, पण पाना तो धरत होता. ऑपरेटर त्याच्या शेजारी उभा राहून त्याला चिडवत होता, "याचं एक बोट ठाणेदारासारखं आहे, मॅडम. कोनासमोर वाकत नाई." मेकॅनिक म्हणाला, "तुह्याकडेच रोखून ठेवलो ते."

चिलरच्या दांड्याला लाल कुलूप होते, कारण मागे काहीतरी काम चालू होते. कुलपाच्या कडीला येनाची ताजी डहाळी बांधलेली होती. मी विचारले, आता कुलूप असताना ही कशाला? ऑपरेटर म्हणाला, "कुलूप पाहून मानूस थांबते, मॅडम. डहाळी पाहून त्याले याद येते का मांगं कोन आहे."

सेवेत असताना मी शिकले होते की दोन जबाब जुळले नाहीत तर एक खोटा असतो. त्या प्रकरणानंतर मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला वेगळे सांगत आले: जबाब जुळत नसतील, तर आधी मधला तिसरा माणूस शोधा. तो बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याने फक्त विचारलेले नसते. तुम्ही आता परक्या गावात, परक्या रीतींच्या माणसांत राहता. कुणाच्या दारावर, टेबलावर, यंत्रावर काही न समजणारे दिसले, तर ते कचरा समजू नका आणि पूजाही समजू नका. विचारा.

पूजेनंतर काही दिवसांनी मी कामासाठी पुन्हा तिथून जात होते, म्हणून उतरले. व्यवस्थापक खुर्चीवर चढून सुकलेली तोरणे उतरवत होते, कापडी पिशवी खांद्याला. चिलरच्या पेटीशी आले तेव्हा तिथे नुसती झेंडूची माळ होती, दुसरे काही नव्हते. तरी ते थांबले, मागच्या बाजूला वळले आणि मोठ्याने हाक दिली,

"ही माळ काढू का रे, भाऊ?"

मागून दोन आवाज एकदम आले, "काढा जी!"

मगच त्यांनी हात लावला.